गायक दुसरा, शब्द दुसऱ्याचे. मग गिटारवाल्याचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा तेविशीतला मुलगा. सात-आठ वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. पुण्यात चौघांचा बँड आहे, गाणी मराठी रॉक. गातो आणि शब्द लिहितो तो त्याचा मित्र. रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा), कॉर्ड्स (एकत्र वाजवलेले सूर) आणि बहुतेक वेळा गाण्याचा अख्खा सांगाडा हा बांधतो. कार्यक्रम संपला की लोक गायकाभोवती जमतात. त्याला विचारायचंय की, "दादा, मला गाता येत नाही, शब्द सुचत नाहीत. गाणं बनवण्यातला भागीदार म्हणून गिटारवाल्याला आयुष्य काढता येतं का? की मी आता गायला शिकू? आणि चाळीस हजार साठवलेत, त्यात चांगली गिटार घेऊ की घरी रेकॉर्डिंगचं साहित्य?"

आयुष्य काढता येतं. मी सव्वीस वर्षं हेच करतोय: आधी ऑर्केस्ट्रात, मग स्टुडिओत, आणि गेली बारा-तेरा वर्षं दोन गायकांबरोबर गाणी बांधण्यात. तुझ्याच वयाचा असताना मलाही हाच प्रश्न छळायचा. त्याचं उत्तर मला कुठल्या शिक्षकाकडून मिळालं नाही. ते मिळालं एका माणसाच्या कामाकडे वर्षानुवर्षं नीट बघून. अमेरिकेतला माइक कॅम्पबेल. टॉम पेटी अँड द हार्टब्रेकर्सचा गिटारिस्ट. तुझ्या बऱ्याच मित्रांनी त्याचं नाव ऐकलेलं नसेल, पण त्याची गिटार नक्की ऐकलेली असेल.

कॅम्पबेलचा जन्म १९५० चा, फ्लोरिडातला. घरची परिस्थिती बेताची. पहिली गिटार आईनं आणून दिली, गहाणाच्या दुकानातून. तिच्या तारा फळीपासून इतक्या उंच होत्या की दाबताना बोटं सोलून निघायची. पुढे एक स्वस्तातली जपानी इलेक्ट्रिक हाती आली. १९७० च्या सुमारास गेन्सव्हिल या विद्यापीठाच्या गावात टॉम पेटी आणि त्याचा मित्र एका ड्रमरला ऐकायला गावाबाहेरच्या एका जुन्या घरी गेले. गिटारिस्टही हवा होता. ड्रमर म्हणाला, माझ्याबरोबर राहणारा पोरगा वाजवतो. आतल्या खोलीतून कॅम्पबेल ती जपानी गिटार घेऊन बाहेर आला. गिटार बघून पाहुण्यांची निराशा झाली. मग त्यानं चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' वाजवलं. संपल्यावर टॉम म्हणाला, तू आमच्या बँडमध्ये आलास. त्या दिवसापासून टॉम २०१७ मध्ये वारला तोपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं, हे दोघं एकत्र होते. मधे बँड मोडला, नाव बदललं, लोक आले-गेले, पण ही जोडी सुटली नाही.

गिटार स्वस्त होती हे मी उगाच सांगत नाहीये. तुझ्या चाळीस हजारांकडे मी शेवटी येतो, तोवर ते लक्षात असू दे.

आता कामाची गोष्ट. हार्टब्रेकर्समध्ये टॉम गायचा, शब्द लिहायचा, आणि बरीचशी गाणी एकटाच करायचा. कॅम्पबेल शब्द लिहीत नव्हता. मग तो काय करायचा? घरी चार ट्रॅकच्या टेपरेकॉर्डरवर नुसतं संगीत रेकॉर्ड करायचा: ड्रमचा ठेका, बेस, दोन गिटार. आवाज नाही, चालसुद्धा नाही. कॅसेट भरली की टॉमला द्यायची आणि विसरून जायचं. टॉमला त्यातलं एखादं भावलं की तो त्यावर गुणगुणायचा, शब्द यायचे, गाणं व्हायचं. बाकीचे तुकडे तसेच राहायचे.

१९७९ च्या 'डॅम द टॉर्पेडोज' या अल्बममधलं 'रेफ्युजी' असंच झालं. एफ शार्प मायनर, ए आणि ई. बहुतेक गाणं या तीन कॉर्ड्सभोवती फिरतं. हे एकदा हातात घेऊन बघ. वाजवायला दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमेल. पण त्या तीन कॉर्ड्स ज्या क्रमानं आणि ज्या वजनानं येतात, त्यात एक ताण तयार होतो, आणि तो ताण गायकाला काहीतरी बोलायला भाग पाडतो. कॅम्पबेलनं गाण्याचे शब्द लिहिले नाहीत, पण ज्यात हेच गाणं राहू शकेल असं घर बांधून दिलं. श्रेय दोघांच्या नावावर आहे आणि ते रास्त आहे.

ते बांधकाम सोपं मात्र नव्हतं. स्टुडिओत हेच गाणं बसेना. शंभरेक वेळा वाजवलं असेल, असं तो सांगतो. एकदा तर इतका वैतागला की सरळ उठून दोन दिवस गावाबाहेर निघून गेला. परत आला, पुन्हा वाजवलं. तो अल्बम अमेरिकेच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. वर पिंक फ्लॉइड या बँडचा 'द वॉल' हा अल्बम बसलेला होता.

तुझ्यासाठी सगळ्यात मोलाचा धडा मात्र पुढच्या गाण्यात आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

१९८० च्या दशकात खऱ्या ड्रमचे आवाज भरलेलं, ठेका आपोआप वाजवणारं ड्रम मशीन नवं होतं. कॅम्पबेलनं लिन कंपनीचं मशीन घेतलं, ओबरहाइम कंपनीचा एक सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) होता, आणि घरीच एक तुकडा बांधला. मशीनचा ठेका, सिंथचे लांब सूर, आणि त्यावर सुचेल तशी वाजवलेली गिटार. टॉमला ऐकवला. टॉम तेव्हा 'सदर्न अॅक्सेंट्स' या अल्बमवर काम करत होता, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मातीतली गाणी. त्यात हे बसेना. त्यानं घेतलं नाही. निर्माता जिमी आयोव्हीननं सुचवलं की डॉन हेन्ली गाणी शोधतोय, त्याला ऐकव. हेन्ली म्हणजे ईगल्स या बँडचा ड्रमर-गायक. त्यानं कॅसेट नेली आणि काही दिवसांनी शब्द घेऊन आला. १९८४ चं 'द बॉइज ऑफ समर' ते हेच. अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं, हेन्लीला त्यासाठी ग्रॅमी मिळालं, आणि आज चाळीस वर्षांनंतरही ते रेडिओवर लागतं.

यात तीन गोष्टी बघ. पहिली, तुझ्या गायकानं नाकारलेला तुकडा वाईट असतो असं नाही. तो त्या वेळच्या त्याच्या गाण्यांत बसत नसतो, एवढंच. कॅम्पबेल रुसला नाही, टॉमला सोडूनही गेला नाही. तुकडा दुसऱ्या गळ्याला दिला आणि पुन्हा टॉमच्या अल्बमवर वाजवायला बसला.

दुसरी गोष्ट पट्टीची. ट्रॅक तयार झाला आणि हेन्लीनं गाऊन बघितलं, तर पट्टी जमेना. वर न्यावी लागली. आजच्यासारखं एका बटणावर ते होत नव्हतं. सगळं नव्यानं वाजवावं लागलं. आणि मूळ गिटार तर सुचेल तशी वाजवलेली होती. कॅम्पबेलला स्वतःचीच उत्स्फूर्त वाजवणूक ऐकून ऐकून, सूर न् सूर पुन्हा बसवावा लागला. मी हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, कारण हे किती अवघड आहे ते केल्याशिवाय कळत नाही. तेव्हापासून मी नियम केला: कुठलाही तुकडा बांधायला घेण्याआधी गायकाची पट्टी विचारायची. आपल्याकडे तर ही सोय पिढीजात आहे. पेटीवर बसणारा कुणीही पहिला प्रश्न हाच विचारतो, काळी एक की पांढरी चार? गिटारवाले मात्र ई मायनर हाताला सोपा म्हणून सगळी गाणी ई मायनरमध्ये बांधतात आणि मग गायक वरच्या सुरांत ओरडतो किंवा खालच्या सुरांत पुटपुटतो. लोकांना वाटतं गायक कच्चा आहे. चूक आपली असते.

तिसरी गोष्ट, आणि मला सगळ्यात शिकवून गेलेली: त्या गाण्यातली गिटार कधी वाजते ते ऐक. हेन्ली ओळ म्हणतो, थांबतो, आणि त्या थांब्यात गिटार बोलते. तो पुन्हा सुरू झाला की गिटार गप्प. आपल्या भजनात किंवा नाट्यपदाच्या साथीत पेटीवाला हेच करतो: गवयाची जागा संपली की उत्तर, गवय्यानं तोंड उघडलं की मागे. रॉक गिटार शिकताना आपण याच्या बरोबर उलट शिकतो. एकट्यानं, ट्रॅकवर, सतत वाजवत राहायला. तुझी क्लिप ऐकली नाही, पण तुझ्या वयाच्या दहापैकी नऊ मुलांच्या क्लिप मी ऐकल्यात. कडव्यात इतकं भरलेलं असतं की गायकाला पाय ठेवायला जागा नसते. मग तो गाऊ शकत नाही, आणि आपण म्हणतो त्याला सुचत नाही.

मराठीत तर ही जागा जास्तच लागते. इंग्रजी रॉकमध्ये एकाक्षरी शब्द पुष्कळ. ठेक्यावर खिळ्यासारखे ठोकता येतात. मराठी शब्द बहुधा दोन-तीन अक्षरी, आणि पुष्कळदा शेवटचा स्वर दीर्घ: पाणी, रस्ता, एकटा, चाललो. तो शेवटचा आ, ई किंवा ओ खेचायला मिळाला तरच ओळ गळ्यात बसते. तुझा रिफ जर बारच्या (ठेक्याच्या एका आवर्तनाच्या) शेवटच्या मात्रेवर नेमका धडाका देत असेल, तर गायकाचा तो दीर्घ स्वर तिथेच चिरडला जातो. एक प्रयोग कर. रिफमधला शेवटचा सूर काढून टाक आणि मित्राला त्यावर डमी, म्हणजे सुचतील ते बिनअर्थाचे शब्द म्हणायला सांग. फरक पाच मिनिटांत कळेल. मला हे उमगायला दहा वर्षं लागली. एका कवी-गायकानं मला तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या गिटारवर मराठी बोलता येत नाही. त्या रात्री झोप लागली नाही, पण माणूस खरं बोलला होता.

कॅम्पबेलच्या बाकीच्या कामावरून भरभर जातो. १९८१ मध्ये गायिका स्टिव्ही निक्सबरोबरचं 'स्टॉप ड्रॅगिन माय हार्ट अराउंड', टॉम आणि कॅम्पबेल यांनी मिळून लिहिलेलं, तिच्या अल्बमवर गेलं आणि तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. १९८६ पासून हार्टब्रेकर्स बॉब डिलनबरोबर दौऱ्यावर गेले. त्यातून 'जॅमिन मी' हे डिलन, टॉम आणि कॅम्पबेल अशा तिघांच्या नावाचं गाणं आलं. १९८९ चा टॉमचा एकट्याच्या नावाचा अल्बम 'फुल मून फीव्हर' मोठ्या प्रमाणात कॅम्पबेलच्या घरच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड झाला, आणि निर्माते म्हणून जेफ लिन आणि टॉम यांच्या जोडीला त्याचंही नाव आहे. त्याच वर्षी हेन्लीच्या अल्बमवर 'द हार्ट ऑफ द मॅटर' आलं. त्यातही कॅम्पबेल सहलेखक. म्हणजे स्वतः न गाता, एका वर्षात दोन मोठ्या गायकांच्या अल्बमांवर त्याची बांधलेली गाणी होती.

गॅरेज हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे, त्याकडे शेवटी येतो. पण आधी पैशांविषयी बोलू, कारण तुझ्या प्रश्नात तो विषय नाही आणि असायला हवा होता.

बँडची कमाई वेगळी आणि गाण्याच्या लेखनाची कमाई वेगळी. हार्टब्रेकर्समध्ये पहिल्या काही वर्षांनंतर अशी व्यवस्था ठरली की निम्मं टॉमचं, उरलेलं बाकीच्यांत. यावरून बँडमध्ये मनं दुखावली गेली, आणि ते स्वाभाविक होतं. पण कॅम्पबेलकडे त्याखेरीज ज्या गाण्यांत त्याचं नाव होतं त्यांचा लेखनाचा वाटा होता. दौरे थांबले तरी तो थांबत नाही.

उलट उदाहरण मिक रॉन्सनचं. इंग्लंडमधल्या हल शहरातला गिटारिस्ट, गायक डेव्हिड बोवीचा उजवा हात. १९७१ च्या 'लाइफ ऑन मार्स?' मधली व्हायोलिन-चेलोंची जी भव्य रचना आहे, ती रॉन्सननं लिहिलेली. त्या वाद्यवृंदाशिवाय ते गाणं मी कल्पूही शकत नाही. पण गाण्याचा लेखक म्हणून नाव एकट्या बोवीचं, कारण मांडणी म्हणजे अरेंजमेंट ही रूढ अर्थानं लेखन धरली जात नाही. १९९३ मध्ये रॉन्सन गेला तेव्हा तो पन्नाशीतही नव्हता. त्याच्याबद्दल लिहिताना मला दर वेळी वाईट वाटतं.

आणि मँचेस्टरच्या द स्मिथ्स या बँडचं प्रकरण तर कोर्टात गेलं. तिथे संगीत जॉनी मार या गिटारिस्टचं, शब्द आणि गायन मॉरिसीचं, आणि लेखक म्हणून या दोघांचीच नावं. त्यावर वाद नव्हता. वाद झाला तो वादनाच्या आणि रेकॉर्डिंगच्या कमाईवरून. या दोघांनी चाळीस-चाळीस टक्के घेतले, ड्रमर आणि बेसिस्टला दहा-दहा. ड्रमरनं दावा लावला, आणि लेखी करार नसल्यामुळे १९९६ मध्ये तो समान, म्हणजे पंचवीस टक्क्यांचा वाटा जिंकला. चार मित्रांनी एक कागद केला असता तर हे टळलं असतं.

आपल्याकडचा कायदा तुला अनुकूल आहे, तो समजून घे. भारतीय कॉपीराइट कायद्यात शब्द ही एक कृती आणि संगीत ही वेगळी कृती. शब्दांचा कर्ता गीतकार, संगीताचा कर्ता संगीतकार, आणि रेकॉर्डिंग ही तिसरीच वस्तू. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही. करारात तसं लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. म्हणजे तुझ्या रिफवर, तुझ्या कॉर्ड्सवर गाणं उभं असेल, तर तू 'बँडमधला गिटारवाला' नाहीस, त्या संगीताचा कर्ता किंवा सहकर्ता आहेस. मात्र मित्रानं तुझ्या कॉर्ड्सवर चाल लावली असेल तर तोही संगीताचा सहकर्ता आहे, हे मोकळ्या मनानं मान्य कर. गाणं प्रकाशित होण्याआधी साध्या कागदावर लिहा: गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, संगीत कुणाकुणाचं, टक्के किती, चौघांच्या सह्या. मग गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या मुंबईच्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीत दोघांनी सभासद होऊन गाणी नोंदवा. मैत्रीत हे विचारायला जड जातं, मला माहीत आहे. मीही एकदा विचारलं नव्हतं. एका जाहिरातीसाठी मी दिलेला आठ बारांचा तुकडा पुढे तीन वर्षं टीव्हीवर वाजला, आणि मला मिळाली ती फक्त त्या दिवसाची हजेरी. कागद नव्हता, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

आता गायला शिकू का, याबद्दल. शिक, पण वेगळ्या कारणासाठी. स्टेजवर पुढे उभं राहायला नको. गायकाला श्वास कुठे लागतो हे अंगात उतरावं म्हणून. रोज अर्धा तास पेटीवर सरगम म्हटलीस तरी वर्षभरात तुझे रिफ बदलतील. कॅम्पबेलचंच बघ. टॉम गेल्यावर २०१८ मध्ये त्याला फ्लीटवुड मॅक या बँडनं बोलावलं, तिथे तो वाजवत होता. आणि २०२० मध्ये, सत्तरीत, द डर्टी नॉब्ज या स्वतःच्या बँडचा पहिला अल्बम काढला, ज्यात मुख्य गायक तोच. आवाज खरबरीत आहे, टॉमची छाया त्यात जाणवते, पण ओळ कुठे सोडायची हे त्याला पक्कं माहीत आहे. दुसऱ्यांच्या श्वासांभोवती पन्नास वर्षं वाजवल्यावर ते येणारच.

शब्द सुचत नाहीत याची चिंता तर अजिबात करू नकोस. त्यापेक्षा आठवड्याला एक तुकडा पूर्ण कर. पूर्ण म्हणजे कडवं, धृपद आणि मधला पीस, तीन मिनिटं. नुसता रिफ दिलास तर गायक 'भारी आहे' म्हणतो आणि फोन खिशात ठेवतो. कडव्यातून धृपदात जाताना काहीतरी उघडलं पाहिजे, नवी कॉर्ड, ठेक्यात मोकळेपणा, नाहीतर एखादं वाद्य थांबणं, तरच त्याला कळतं की इथे मोठी ओळ यायची आहे. प्रत्येक फाइलला तारीख, पट्टी आणि लय लिहून ठेव. महिन्याला चार तुकडे मित्राला पाठव आणि 'ऐकलंस का' असं विचारू नकोस. त्यानं चारही सोडून दिले तरी ते फेकू नकोस. दुसऱ्या गळ्यासाठी ठेव. पण दुसऱ्याला देण्याआधी मित्राला एकदा सांग. कॅम्पबेलनंही टॉमला आधी ऐकवलं होतं.

आणि चाळीस हजार. कॅम्पबेलची ती स्वस्त गिटार आणि त्याचं गॅरेज आठव: नवी गिटार नको, घरी रेकॉर्डिंगचं साहित्य घे. तुझ्या गिटारचे फ्रेट (फळीवरच्या धातूच्या पट्ट्या) झिजले असतील तर चांगल्या कारागिराकडून ते घासून, ब्रिज (तारा टेकतात तो खालचा भाग) आणि तारांची उंची लावून घे. त्यातले दोन-तीन हजार तिकडे जाऊ देत. उरलेल्यातून गिटार आणि माइक लॅपटॉपला जोडायला दोन इनपुटचं साउंडकार्ड, गायकासाठी एक साधा डायनॅमिक माइक, स्टँड, बरे हेडफोन आणि एक छोटा मिडी कीबोर्ड, ड्रमचा ठेका बोटांनी वाजवून भरायला. लॅपटॉप आहे असं धरतो. एवढ्यात पैसे उरतील, ते खोलीच्या खिडकीला जाड पडदे आणि भिंतीशी जुनी गादी लावण्यात घाल, म्हणजे मित्राचा आवाज घुमणार नाही. मग त्याला रविवारी सकाळी, आवाज ताजा असताना, घरी बोलाव. आधी चहा, मग पट्टी काढा, आणि तुकडा लावून तू खोलीबाहेर जा. पहिल्यांदा गुणगुणताना कुणी समोर नसलेलं बरं असतं. रेकॉर्डचं बटण मात्र दाबून जा.